विमा कंपनीच्या डॉक्टरांकडे तपासणीला जावे का?

आपण विचारले आहे की, कारखान्यातील अपघातानंतर विमा कंपनीने आपल्या भावाला तिच्या डॉक्टरांकडे ‘स्वतंत्र वैद्यकीय तपासणी’साठी बोलावले आहे, तर त्याने जावे का आणि त्या डॉक्टरांचा अहवाल अंतिम मानतात का.

जावे. 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या कलम 11 नुसार, मालकाने वेळेत देऊ केलेली मोफत तपासणी नाकारली तर नकार असेपर्यंत भरपाईचा हक्क स्थगित राहतो. मात्र ज्यांना भरपाई द्यायची आहे, त्यांनीच डॉक्टर नेमायचे, त्यांनीच पैसे मोजायचे आणि त्या तपासणीला स्वतंत्र म्हणायचे, हे मला मान्य नाही.

माझे पती अंबडच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर) होते. 2018 मध्ये त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट त्याच्या डायमध्ये, म्हणजे साच्यात, सापडले. शस्त्रक्रियेने बोटे वाचली, पण ती वळत नाहीत; पाना हातात घेतला की निसटतो. तपासणीच्या दिवशी आम्ही दोन तास बसलो आणि आतले काम सात मिनिटांत संपले. मी शिक्षिका आहे, वेळ लिहून ठेवण्याची मला सवय आहे. डॉक्टरांनी मूठ वळवायला सांगितली, एक्स-रे उजेडात धरला, दुखते का ते विचारले. काम कोणते करता, हे विचारले नाही. अहवालात आले: बोटे शाबूत, किरकोळ ताठरपणा, अपंगत्व 8 टक्के.

पतींचा पगार 21,000 रुपयांच्या वर असल्याने ते ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, नव्हते. पण या कायद्याखाली भरपाई मोजताना तेव्हा 8,000 रुपयांपर्यंतचाच पगार धरत असत. त्याचे 60 टक्के, गुणिले चाळिशीच्या वयाचा गुणक 184.17, म्हणजे 8,84,016 रुपये, ही पूर्ण अपंगत्वाची भरपाई. त्याचे 8 टक्के सत्तर हजारांच्या आसपास होतात.

माझे दीर त्याच कारखान्यात सुपरवायझर होते. ते म्हणाले, “वहिनी, डॉक्टरांनी लिहिलंय ना, मग सही करून टाका, कंपनीशी वाकडं कशाला घेता?” आम्ही सही केली नाही, आणि पुढची दोन वर्षे ते आमच्या घरी जेवायला आले नाहीत. मला त्यांना तेव्हाही हेच सांगायचे होते की, कायदा बोटाची किंमत करत नाही, कमावण्याची क्षमता किती गेली ते पाहतो. सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंह देव खटल्यात डावा हात कोपराच्या वर गमावलेल्या सुताराला पूर्ण अपंगत्वाची भरपाई योग्य ठरवली, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. तो निकाल 1975 सालचा आहे.

भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांसमोर आमच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी साक्ष दिली. विमा कंपनीच्या डॉक्टरांची उलटतपासणी झाली, तेव्हा पतींचे काम आपण विचारलेच नव्हते, हे त्यांनी सरळ कबूल केले. त्या प्रामाणिकपणाबद्दल मी त्यांना आजही मान देते. कमाईच्या क्षमतेची हानी 35 टक्के धरली गेली, म्हणजे 3 लाख 9 हजार रुपये, व्याज वेगळे. म्हणून सांगते, अहवाल अंतिम नसतो. तो एका बाजूचा पुरावा असतो.

भाऊ ईएसआयमध्ये असेल तर हा मार्ग नाही, तिथे वैद्यकीय मंडळ अपंगत्व ठरवते. शिवाय 21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, त्यामुळे अपघाताची तारीख वकिलांना आधी सांगावी.

तपासणीला मात्र त्याला एकट्याला पाठवू नका. त्याचे काम ज्याने डोळ्यांनी पाहिले आहे असा माणूस सोबत द्या, आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी भाऊ मशीनवर उभा राहून दिवसभर काय करायचा, ते त्याने स्वतःहून सांगावे.