प्रश्न कोण निवडतो?

प्रिय,

तुझं पत्र परवा मिळालं. शेती संशोधनासाठी उद्योगाचा पैसा घेतला की 'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी' असं होणारच ना, असं विचारलं आहेस. होतं कधी कधी. पण सरकार आणि उद्योगाच्या ज्या संयुक्त प्रकल्पावर तू रुजू होणार आहेस, त्यातला 'उद्योग' म्हणजे नेमकं कोण, हे पत्रात कुठेच नाही. एखादी कंपनी आणि त्या पिकाचे झाडून सगळे उत्पादक, दोघांनाही कागदावर उद्योगच म्हणतात. पैशाचा स्वभाव मात्र दोघांचा वेगळा.

उत्पादकांकडून किंवा व्यापारातून सक्तीने गोळा होणारा पैसा जुना आहे. भारतात १९२३ च्या कायद्याने गिरण्यांत वापरल्या जाणाऱ्या आणि निर्यात होणाऱ्या कापसावर उपकर बसला आणि तो मध्यवर्ती कापूस समितीकडे जाऊ लागला. माटुंग्याची कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळा १९२४ मध्ये त्याच पैशावर उभी राहिली. इंदूरच्या वनस्पती संशोधन संस्थेत या समितीबरोबर मध्य भारतातल्या संस्थानांनीही वाटा घातला. तिथे संचालक होते इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड. कापसाचं पीक जमिनीपासून वेगळं काढून अभ्यासता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून कापसासाठी जमवलेल्या पैशातून निघाली काडीकचरा आणि शेणापासून कंपोस्ट करण्याची इंदूर पद्धत! त्या वेळी कुणी 'कापसाच्या गाठी किती वाढल्या ते आधी दाखवा' म्हणून अडून बसलं असतं, तर? मला हे उदाहरण फार आवडतं, म्हणून पुन्हा पुन्हा सांगतो.

सक्ती का, तर रोगावरचा उपाय एकदा सापडला की वर्गणी न देणारा शेजारीही तो वापरतो. मग प्रत्येक जण दुसऱ्याने पैसे द्यायची वाट बघतो आणि काम कुणीच करत नाही. सरकारने त्यात भर का घालायची, तर फायदा शेताच्या बांधावर थांबत नाही. तो ग्राहकापर्यंत, नदीच्या पाण्यापर्यंत जातो.

याची सर्वांत नेटकी मांडणी ऑस्ट्रेलियात दिसते. १९३६ मध्ये त्यांनी लोकरीच्या गाठीमागे सहा पेन्स घ्यायला सुरुवात केली. पुढे जॉन केरिन मंत्री असताना १९८९ चा कायदा झाला आणि पिकावार, व्यवसायवार संशोधन महामंडळांची घडी बसली. आज अशी १५ आहेत. धान्य उत्पादक विक्रीमूल्याच्या ०.९९ टक्के संशोधनासाठी देतात. संशोधनावरच्या खर्चात सरकार डॉलरला डॉलर लावतं, पण त्या व्यवसायाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या ०.५ टक्क्यापर्यंतच. जाहिरातीला सरकारी जोड नाही. ०.५ टक्क्याची ही मर्यादा निम्म्यावर आणा, अशी शिफारस सरकारला सल्ला देणाऱ्या तिथल्या उत्पादकता आयोगाने २०११ मध्ये केली होती. त्यांचा मुद्दा असा की यातलं बरंचसं काम उत्पादकांनी स्वतःच्या पैशाने केलंच असतं. सरकारने ते मानलं नाही. आयोगाचा प्रश्न मात्र रास्त होता, असं मला वाटतं.

शिवाय जोडनिधीत एक खोच आहे. सरकारचा पैसा उद्योगाच्या पैशामागून चालतो. ज्या पिकाची उलाढाल मोठी त्याला दोन्हीकडून मिळतं. ज्या भरडधान्याची वर्गणीच जमत नाही, त्याला सरकारी वाटाही नाही. ऑस्ट्रेलियात लहान आणि नव्या पिकांसाठी वेगळं महामंडळ ठेवावं लागलं, ते उगाच नाही. दुसरं म्हणजे वर्गणी देणाऱ्याला पुढच्या हंगामाची घाई असते, आणि ती चूकही नाही. लोकर उत्पादक दर तीन वर्षांनी मतदानाने वर्गणी ठरवतात. २०१८ मध्ये त्यांनी ती २ टक्क्यांवरून १.५ वर आणली. ब्रिटनमध्ये २०२१ साली बटाटा उत्पादकांनी आणि फळं-भाज्यांच्या उत्पादकांनी वर्गणी बंदच करा असं सांगितलं, आणि ती बंद झाली. वीस वर्षांनी फळ देणारं काम अशा मतदानात कुणाच्या भरवशावर टिकणार? तिथे सरकारी वाट्याने उभं राहायला हवं.

ज्याचे पैसे थेट वसूल होतात, ते काम हळूहळू बाजार उचलतोच. ऑस्ट्रेलियात १९९४ च्या वाण हक्क कायद्यानंतर गव्हाचं वाण पैदा करणाऱ्याला विकलेल्या धान्यावर टनामागे रॉयल्टी मिळू लागली, आणि ते काम बरंचसं कंपन्यांकडे गेलं. तणनाशकाला दाद न देणारी तणं, जमिनीचा पोत यांवर कोण रॉयल्टी घेणार? ते सामायिक निधीतच राहिलं.

तुझ्या करारात एकास एक जोड आहे म्हणतोस. मग उद्योगाच्या वाट्यात रोख किती आणि 'वस्तुरूपात' किती, ते बघ. प्लॉट, ट्रॅक्टर, अधिकाऱ्याचे तास यांची किंमत फुगवून निम्मा वाटा भरलेला मी पाहिला आहे. आणि निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचं कलम वाच. माझ्या एका प्रकल्पात 'कंपनीच्या संमतीनंतर' एवढेच शब्द होते, मुदत नव्हती. पिकावरच्या औषधाचा परिणाम दिसला नाही, हा निष्कर्ष दोन हंगाम माझ्या कपाटात पडून राहिला. तेवढ्या काळात शेतकरी ते विकत घेत होते. सही माझीच होती, त्यामुळे कुणाला बोलायची सोय नव्हती. मुदत आकड्यात लिहून घे. साठ दिवस म्हण, नव्वद म्हण.

प्रकल्पाची दिशा ठरवणाऱ्या सुकाणू समितीवर कोण कोण आहे, त्यांच्यापैकी किती जण स्वतः शेती करतात आणि विषय बदलायचा झाला तर कुणाचं मत लागतं, हे परिशिष्टात असेल. बहुतेक शेवटच्या पानावर, बारीक टायपात. सही करण्याआधी तेवढं पान मला पाठव.

तुझा,
जुना सहकारी