केनचा 'सी नो ईव्हिल' बघणार असशील तर

अरे स्लॅशर, म्हणजे खुनी एकेकाला मारत सुटतो तसले हॉरर पिक्चर, नव्यानेच बघतोयस ना, मग २००६ चा 'सी नो ईव्हिल' नक्की बघ पण स्टोरीसाठी नको, WWE च्या कुस्तीगीर केनसाठी बघ. बजेट साधारण ८० लाख डॉलर, जवळपास सगळा पिक्चर एका पडक्या हॉटेलात, साफसफाईला आणलेली कैदी पोरं आणि डोळे काढणारा खुनी जेकब गुडनाइट, म्हणजे केन, बास. केनला डायलॉग जवळजवळ नाहीतच आणि तेच बरोबर आहे, कारण रिंगमध्येही तो कित्येक वर्षं मास्क घालून नुसत्या अंगाने आणि नजरेने भीती घालायचा, त्यामुळे तो अरुंद कॉरिडॉरमध्ये कसा उभा राहतो, साखळीचा हुक कसा फेकतो तिकडे लक्ष दे. डोळ्यांचे सीन खरंच किळसवाणे आहेत, झेपत नसतील तर सरळ पुढे ढकल. आवडला तर २०१४ चा दुसरा भाग बघ, सोस्का बहिणींनी दिग्दर्शित केलेला, शवागारातला, त्यात अभिनेत्री डॅनिएल हॅरिस आहे.