हाकेला ओ देणारा स्पीकर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ॲमेझॉनच्या इको स्पीकरला 'बाळू' अशी हाक मारायची आहे. तसा पर्याय सापडत नाही.

उत्तर : सापडणारही नाही. हाक ओळखतं ते स्पीकरमधलं छोटंसं मॉडेल, म्हणजे आवाजाच्या नमुन्यांवर शिकवलेला प्रोग्राम, आणि ते ठरावीक शब्दांवरच तयार केलेलं असतं. इंग्रजीत ॲलेक्सा, ॲमेझॉन, इको, कम्प्युटर, झिगी एवढेच शब्द मिळतात. शब्द बदलायला ॲलेक्सा ॲपमध्ये डिव्हाइसेस, मग आपला स्पीकर, त्याच्या सेटिंग्जमध्ये 'वेक वर्ड', म्हणजे हाकेचा शब्द. 'कम्प्युटर' शक्यतो घेऊ नका, घरच्या बोलण्यात तो सारखा येतो. गूगलच्या स्पीकरवर एवढीही मुभा नाही, फक्त संवेदनशीलता कमी-जास्त होते.

'बाळू'च हवा असेल, तर होम असिस्टंट (घरातली उपकरणं चालवणारं, स्वतःच्या संगणकावर बसवायचं सॉफ्टवेअर) आणि त्यासोबत हाक ओळखणारं ओपनवेकवर्ड. त्याच्या कोलॅब नोटबुकमध्ये (ब्राउझरमध्येच प्रोग्राम चालवायचं गूगलचं पान) शब्द टाइप केला की आवाजाचे नमुने संगणकच बनवतो आणि त्यांवर मॉडेल शिकतं. गोम अशी, की हे आवाज इंग्रजी वळणाचे. 'ळ' त्यांच्याकडून नीट निघत नाही. म्हणून आधी एक नमुना ऐका, रोमन स्पेलिंग बदलून पाहा आणि उच्चार पटला तरच पुढे जा. नाहीतर मॉडेल भलत्याच शब्दाला ओ देईल. शिवाय नुसतं 'बाळू' फार आखूड आहे. 'ऐक रे बाळू' चालेल. तयार झालेली मॉडेलची टीएफलाइट फाइल होम असिस्टंटच्या 'शेअर' फोल्डरमधल्या 'ओपनवेकवर्ड' फोल्डरमध्ये ठेवा आणि व्हॉइस असिस्टंटच्या सेटिंगमध्ये निवडा.

प्रश्न : असं मॉडेल केलं, पण टीव्ही लागला की स्पीकर आपोआप जागा होतो.

उत्तर : ओपनवेकवर्डच्या सेटिंगमध्ये थ्रेशोल्ड, म्हणजे हाक मानण्यासाठी लागणारी किमान खात्री, मुळात 0.5 असतो. तो 0.05 ने वाढवत न्या आणि दर वेळी खोलीच्या दुसऱ्या टोकाहून हाक मारून बघा. नेहमीच्या आवाजातली हाक चुकायला लागली की एक पायरी मागे या. तरी भागलं नाही तर ट्रिगर लेव्हल (शब्द किती वेळा ओळखला गेला की जागं व्हायचं तो आकडा) 1 वरून 2 करा. अर्थात, मायक्रोफोन टीव्हीशेजारीच असेल तर आधी तो हलवा, आकडे नंतर.

प्रश्न : ॲलेक्सात रुटीनसाठी (एका वाक्यावर ठरवलेली कामं आपोआप करणारी सोय) 'दिवे मालव' लिहिलं. कधी चालतं, कधी नाही.

उत्तर : स्पीकरची भाषा इंग्रजी असेल, तर तो मराठी शब्द इंग्रजीत बसवायला जातो आणि दर वेळी वेगळं काहीतरी ऐकतो. ॲपमधली व्हॉइस हिस्टरी उघडा, काय ऐकलं ते तिथे लिहिलेलं दिसतं. रुटीनला 'लाइट्स डाउन'सारखं साधं इंग्रजी वाक्य द्या. फक्त सुरुवात 'प्ले'ने नको, तो गाणं शोधायला लागेल.