नव्या क्रीडाशिक्षकास
सहावी-सातवीची मुले मैदानावरून कमी होऊ लागली की आपण लगेच मोबाइलला दोष देतो; तुम्ही मात्र तेवढ्यावर थांबू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या आकडेवारीनुसार जगातील 11 ते 17 वयोगटातील 81 टक्के मुलांची हालचाल रोज 60 मिनिटांच्या अपेक्षेपेक्षा कमी होती आणि मुलींची स्थिती मुलांहून वाईट होती. पाळी सुरू झालेली मुलगी स्वच्छतागृह नसलेल्या, बघ्यांनी वेढलेल्या मैदानावर धावणे टाळते, यात आळस कसला? दुसरे कारण तर आपणच निर्माण करतो: लहानपणी सगळेच खेळतात, पुढे शाळेचा संघ निवडला जातो आणि न निवडलेला मुलगा इतरांची दप्तरे सांभाळत कडेला बसतो. नागपुरात त्यात संध्याकाळच्या शिकवणी वर्गांची आणि 45 अंशांकडे झेपावणाऱ्या उन्हाळ्याची भर पडते (एप्रिलमध्ये दुपारी चारला रेशीमबागेच्या मैदानावर उभे राहून पाहा). म्हणून उन्हाळ्यात खेळाचा तास सकाळी आठच्या आत संपवा, मुलींना सोयीचा पोशाख निवडू द्या, आठवड्यातून दोन दिवस तरी गुण न मोजता लगोरी किंवा लंगडी खेळवा आणि कडेला रोज कोण बसते, याची वहीत नोंद ठेवा.