एका वेबपानात चार आयफ्रेम (पानात बसवलेली स्वतंत्र छोटी पानं) आहेत, निवडलेला ग्राहक सगळीकडे सारखा कसा ठेवायचा? रिडक्स वापरू का?

रिडक्सचं, म्हणजे ॲपची माहिती एका 'स्टोअर'मध्ये ठेवणाऱ्या लायब्ररीचं, नंतर बघू. आधी सांगा, तो निवडलेला ग्राहक चार फ्रेमपैकी नेमका कुणाकडे आहे? 'सगळ्यांकडेच' म्हणत असाल तर तिथंच घोळ आहे. मी त्यात चांगलाच पोळलोय.

लातूरच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं काम आमच्याकडे होतं. डावीकडे शेतकऱ्यांची यादी, वर निवडलेल्याचं नाव, मध्ये हिशेबपट्टी, खाली उचल. प्रत्येक फ्रेम आपापली प्रत ठेवायची आणि बदल झाला की बाकी तिघींना पोस्टमेसेज (फ्रेममधून फ्रेमला निरोप धाडायची ब्राउझरची सोय) करायची. म्हणजे निरोपाच्या १२ वाटा. ही रचना आमच्या सरांची. मी म्हणालो होतो, बाहेरच्या पानात एकाच जागी ठेवू. "ग्लोबल व्हेरिएबल कोण वापरतं रे आता?" विषय संपला.

मग सोयाबीनचा हंगाम आला. नेट रडतखडत. मुनीमजींनी यादीतलं पुढचं नाव दाबलं तेव्हा मधली फ्रेम रिलोड होत होती. निरोप गेला, पण ऐकायला तिथं कुणी नव्हतं, आणि पोस्टमेसेज काही दारात ताटकळत बसत नाही. फ्रेमनं आपल्या यूआरएलमधला जुनाच खातेक्रमांक उचलला. ३२ कट्ट्यांची पट्टी भलत्याच्या नावावर निघाली. मुनीमजींचा फोन: "वर नाव एकाचं, पट्टी दुसऱ्याची. काय करलालंय हे तुमचं?" फोन मलाच आला, सरांना नाही.

त्या रात्री सगळं बाहेरच्या पानात हलवलं. फ्रेम उघडली की विंडो.पॅरेंटकडून, म्हणजे बाहेरच्या पानाकडून, आधी आत्ताची किंमत घेते, मग बदलांसाठी नाव नोंदवते, आणि जाताना नाव काढते. हे काढणं विसरलात तर मेलेल्या फ्रेमचे कॉलबॅक (बदल झाला की बोलावली जाणारी फंक्शनं) साठत जातात. बदल करायचा तर पॅरेंटच्या एकाच फंक्शनमधून. ठेवायचं तेही साधे आकडे आणि स्ट्रिंग. आतल्या फ्रेमनं बनवलेला ॲरे (यादी) बाहेर 'इन्स्टन्सऑफ ॲरे' या तपासणीला नापास होतो, तिथं ॲरे.इझॲरे वापरा.

सर अजूनही याला ग्लोबल व्हेरिएबलच म्हणतात. असेना का! मुनीमजींची खतावणीसुद्धा दुकानात एकच असते.

हां, हे सगळं पानांचं ओरिजिन (प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट) एकच असेल तर. वेगळं असेल तर ब्राउझर पॅरेंटला हात लावू देत नाही, तिथं पोस्टमेसेजच लागतं, इव्हेंट.ओरिजिन तपासून. तरी मालक बाहेरचं पानच ठेवा. बाहेरचं पान रिफ्रेश झालं की सगळं उडतं, म्हणून सेशनस्टोरेजमध्ये (ब्राउझरची त्या टॅबपुरती साठवण) प्रत टाका. लोकलस्टोरेज नको, ते सगळ्या टॅबना एकच असतं आणि मुनीमजी दोन टॅबमध्ये दोन शेतकरी उघडून बसतात.

रिडक्स? बाहेरच्या पानात घाला हवं तर. फ्रेमगणिक एकेक स्टोअर करणार असाल तर आमच्या सरांना भेटा.