मीरा मुखर्जी यांच्या ब्राँझ शिल्पांवरील रेषा ओतकामानंतर कोरलेल्या असतात का?

नाही, त्यांच्या मनुष्याकृतींवर दिसणाऱ्या दोऱ्यासारख्या रेषा प्रामुख्याने मेणातच घडवलेल्या असतात आणि ओतकामात त्या जशाच्या तशा धातूत उतरतात. या पद्धतीचे मूळ बस्तरच्या घडवा कारागिरांच्या ढोकरा कामात आहे: हत्ती, घोडा किंवा स्वाराचा मातीचा गाभा करून त्यावर मेणाचे बारीक धागे शेजारी शेजारी गुंडाळतात, वरून मातीचे थर देऊन साचा भाजतात आणि मेण वितळून जी पोकळी उरते तिच्यात वितळलेला धातू ओततात. म्युनिकमध्ये शिल्पकलेचे शिक्षण घेऊन परतलेल्या मीराताईंनी (१९२३–१९९८) बस्तरमध्ये या कारागिरांबरोबर काम केले, पुढे भारतीय मानववंशशास्त्रीय सर्वेक्षणासाठी देशातील धातुकारागिरांचा अभ्यासही केला, आणि मेणाच्या पट्ट्या व धागे यांतून स्वतःची भाषा घडवली. विणकर, कोळी, बाऊल (बंगालचे भटके लोकगायक) अशा श्रमणाऱ्या आणि गाणाऱ्या माणसांच्या देहाला जी लय येते ती या रेषांमुळेच. त्यांना केवळ सजावट समजणे मला अन्यायाचे वाटते. मात्र मीराताईंचे काम म्हणजे ढोकराच, असे म्हणू नये. बस्तरच्या वस्तू बहुधा पितळेच्या व हाती धरण्याजोग्या असतात, तर मीराताईंनी ब्राँझमध्ये ‘कलिंगातील अशोक’सारखी भव्य शिल्पे साकारली, आणि एवढे मोठे शिल्प अनेक भागांत ओतून नंतर जोडावे लागते.