जुन्या गाडीची पेट्रोलची नळी गळत असेल, तर तेवढाच तुकडा बदलावा की टाकीपासून सगळी?

आपण विचारले आहे की, साठच्या दशकातल्या आपल्या गाडीत कार्ब्युरेटरजवळच्या (पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाजवळच्या) रबरी नळीतून पेट्रोल ठिबकते आहे, तर तेवढाच तुकडा बदलून भागेल का, नवे रबर कोणते घ्यावे आणि हे काम स्वतः करता येईल का. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘भागणार नाही’ असे आहे. ते इतक्या ठामपणे देण्याचे कारण म्हणजे नेमक्या याच प्रश्नावरून माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा जो वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही.

गाडी वडिलांची, आता आम्हा दोघांची. चार सिलिंडर, एक कार्ब्युरेटर, इंजिनाच्या कुशीला कॅमशाफ्टवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या दांड्यावर, चालणारा यांत्रिक फ्युएल पंप आणि मागच्या सीटच्या पाठीमागे उभी टाकी, अशी तिची साधी रचना आहे. टाकीच्या तळातून निघालेली पोलादी नळी मागच्या ॲक्सलवरून कमान घेते, खाली उतरून गाडीच्या पोटाखालून पुढे येते आणि रबराच्या एका छोट्या तुकड्याने पंपाला मिळते. आपल्यासारखीच आमचीही गळती पंप आणि कार्ब्युरेटर यांच्यामधल्या रबरात होती. वरून सुती जाळीचे आवरण असलेली ती जुन्या धाटणीची नळी होती आणि तिच्यावर ओला डाग दिसेपर्यंत आतल्या रबराचा पार भुगा झालेला होता. मी सगळीच नळी बदलायचे म्हणत होतो. दादा म्हणाला, “जिथे गळतं तिथेच हात घालायचा. साठ वर्षं टिकलेलं पोलाद तू कशाला उपटतोस?” तो थोरला, शिवाय पाने-पक्कड हातात धरायला मला त्यानेच शिकवलेले, म्हणून मी गप्प बसलो आणि वीतभर रबर बदलले. ठिबकणे थांबले. गाडी कोरडी दिसू लागली.

त्यानंतर दीड वर्ष त्या गाडीने मला छळले. चढ लागला की दोन-तीन मिनिटांत इंजिन आचके द्यायचे आणि बंद पडायचे. थोडा वेळ थांबून बराच वेळ स्टार्टर मारला की पुन्हा सुरू व्हायचे. गाडी तापल्यावरच असे होते असे वाटल्यामुळे नळीत पेट्रोलची वाफ अडकत असावी असा निष्कर्ष आम्ही काढला आणि पंपावर ओले फडके गुंडाळण्यापासून सुरुवात केली. मग पंपाचा डायफ्राम, म्हणजे पेट्रोल ओढणारा आतला लवचिक पडदा, बदलला, मग आख्खा पंप बदलला, कार्ब्युरेटर दोनदा उघडून जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक छिद्रे, साफ केले, टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे का तेही पाहिले. छिद्र मोकळे होते. या सगळ्यात सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट अशी की, गाडी दादाच्या हाती असताना एकदाही बंद पडली नाही. तो शांतपणे म्हणायचा की मला चढावर गिअर पाडता येत नाही.

उलगडा एका वयस्कर मेकॅनिकने केला. त्याने माझी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला: “टाकीत पेट्रोल किती ठेवता?” मी गाडी क्वचित काढतो, म्हणून टाकी कधी अर्ध्याच्या वर भरत नाही. दादा मात्र गाडी हातात आली की पहिल्यांदा टाकी काठोकाठ भरतो. मेकॅनिकने पंपाच्या अलीकडचा रबराचा तुकडा काढून तिथे तात्पुरती पारदर्शक नळी बसवली, इंजिन चालू केले, पुढची चाके उताराच्या वरच्या बाजूला येतील अशी गाडी उभी करायला लावली आणि ॲक्सिलरेटर वाढवायला सांगितला. त्या नळीतून पेट्रोल अखंड धारेने येत नव्हते. मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग एक पंपाकडे धावत होते, आणि रेस वाढवली की त्यांची साखळी दाट होत होती.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी, कारण आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर तिच्यात आहे. यांत्रिक पंप इंजिनाजवळ असलेल्या गाडीत पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या हातभर भागातच दाब असतो, साधारण तीन ते पाच पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड). तो भाग फुटला की पेट्रोल बाहेर येते आणि आपल्याला दिसते. टाकीपासून पंपापर्यंतची उरलेली सगळी नळी, म्हणजे जवळजवळ गाडीच्या लांबीएवढी, इंजिन चालू असताना शोषणाखाली असते. तिला भोक पडले तर पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. आमचे भोक ॲक्सलवरच्या कमानीत होते. टाकी भरलेली असली की पेट्रोलची पातळी त्या कमानीच्या वर राहायची, त्यामुळे भोकातून फार तर थोडेसे पाझरायचे आणि उडून जायचे. गॅरेजमध्ये सकाळी येणारा मंद वास तो हाच, ज्याला आम्ही जुन्या गाडीचा वास म्हणून कौतुकाने हुंगत होतो. टाकी अर्ध्याखाली गेली की कमान कोरडी पडायची, चढावर गाडीचे तोंड वर झाले की टाकी आणखी खाली राहायची, आणि इंजिनाला सर्वांत जास्त पेट्रोल हवे असताना पंप हवा ओढायचा. गिअरचा याच्याशी काहीही संबंध नव्हता.

नळी उतरवली तेव्हा ती बाहेरून बरी दिसत होती. कमानीवर तिला धरणारी एक क्लिप होती आणि क्लिपच्या आत नळी घासू नये म्हणून रबराची पट्टी होती. त्या पट्टीखाली इतक्या वर्षांचा चिखल साचून ओल धरून बसलेला होता. पट्टी सोलली तसा गंजाचा पोपडा तिच्याबरोबर निघाला आणि खाली सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसला. नळी पूर्ण रिकामी करून वाळवल्यावर मी तिचे एक टोक बुजवले, दुसऱ्या टोकाला सायकलचा पंप लावला आणि ती बादलीतल्या पाण्यात बुडवली. ठिपक्यातून बुडबुड्यांची सरळ रेघ वर आली. दादाला मुद्दाम बोलावून दाखवले. त्याने वाकून पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि म्हणाला, “काढताना पक्कड लागली असेल.”

म्हणून माझे मत असे की, एक तुकडा गळू लागला म्हणजे त्याच वयाचे बाकीचे तुकडेही त्याच वाटेवर आहेत असे धरून चालावे. टाकीच्या तोंडापासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळे रबर एकाच वेळी बदलावे आणि धातूची नळी उतरवून प्रत्येक क्लिपखाली तपासावी. क्लिपखाली गंजाचे पोपडे दिसले तर नळी घासून, रंगवून परत बसवण्याचा मोह टाळावा.

रबराबद्दल. बाजारात ‘पेट्रोलची नळी’ म्हणून जे काही मिळते ते सगळे पेट्रोलला टिकते असे नाही. नळीच्या अंगावर छापलेले वाचावे: ‘एसएई जे३०’ हे इंधनाच्या नळ्यांचे मानक; त्यातली आर७ ही कमी दाबाची, कार्ब्युरेटरच्या गाड्यांसाठीची, आर९ ही इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल दाबाने फवारणाऱ्या, गाड्यांसाठीची, १०० पीएसआयपर्यंतची. आपल्या गाडीला तेवढ्या दाबाची मुळीच गरज नाही, तरीही मी आर९ घ्या असेच म्हणेन, ते तिच्या आतल्या फ्लुरोइलास्टोमरच्या, म्हणजे इथेनॉलला टिकणाऱ्या कृत्रिम रबराच्या, अस्तरासाठी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते, आणि जुन्या गाड्यांचे मूळ रबर इथेनॉलचा विचार करून बनवलेले नव्हते. ते फुगते, मऊ पडते, मग वाळून तडकते आणि त्याचा काळा चुरा फिल्टरात जमतो. त्याच कारणासाठी, ‘मूळ कंपनीची, सीलबंद, न वापरलेली’ म्हणून मिळणारी तीस-चाळीस वर्षांपूर्वीची नळी कितीही मोहक वाटली तरी घेऊ नये, कारण रबर पाकिटातही म्हातारे होतच असते. सुती जाळीच्या आवरणाची नळी प्रदर्शनात शोभते हे मला मान्य आहे, पण आतल्या भेगा ती झाकते, आणि भेगा झाकणारी नळी मी माझ्या इंजिनावर लावणार नाही. यावर मूळपणाचे भक्त रागावतील; त्यांनी रागवावे.

मापात तडजोड करू नये. पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरच्या नळीवर ८ मिलिमीटरचे रबर चढवून क्लॅम्प आवळून भागवलेले मी पाहिले आहे. ते रबर सुरकुतते आणि सुरकुतीतूनच गळते. खाचा असलेल्या पट्टीचे स्क्रूचे क्लॅम्प रबरात रुततात, म्हणून गुळगुळीत पट्टीचे, नट-बोल्टचे छोटे क्लॅम्प वापरावेत आणि आठवड्याने पुन्हा एकदा तपासावेत.

धातूच्या नळीसाठी निव्वळ तांबे नको. ते हाताने सुरेख वळते, पण इंजिनाच्या थरथरीने कडक होत जाते आणि शेवटी जोडापाशी तडकते. तांबे-निकेलची नळी, ज्यात साधारण दहा टक्के निकेल असते, तितकीच सहज वळते आणि गंजतही नाही. आमच्या गाडीत आता तीच आहे. सगळी वाट रबरानेच करावी असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये, कारण लांब रबर खाली लोंबते, घासते आणि वळणावर शोषणाने चपटे होते. दर एक-दीड फुटावर क्लिप असावी, नळी सायलेन्सरपासून शक्य तितकी दूर असावी आणि रबर चढणाऱ्या टोकाला उंच कडा काढून घ्यावी, म्हणजे ते निसटत नाही. फ्लेअरच्या जोडांवर, म्हणजे नळीचे टोक फुलवून केलेल्या जोडांवर, नळकामाची पांढरी टेप गुंडाळू नये. तो जोड धातूला धातू भिडून बंद होतो. टेपचे तुकडे मात्र पुढे जाऊन जेटमध्ये अडकतात.

हे सगळे यांत्रिक पंपाच्या गाडीला लागू आहे, हे मी आधीच सांगायला हवे होते. आपल्या गाडीत कोणी टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवला असेल तर चित्र उलटे होते: जवळजवळ सगळी नळी दाबाखाली असते आणि बारीक भोकातूनही पेट्रोल फवाऱ्यासारखे उडते. तशा वेळी इंजिन बंद पडल्यावर पंप आपोआप थांबतो की नाही हे नळीच्या आधी तपासावे.

स्वतः करावे का, याचे उत्तर आपल्या हातावर अवलंबून आहे. फ्लेअर काढायचा सराव टाकाऊ तुकड्यावर दहा-बारा वेळा करून जमला तर करावे, न जमल्यास तेवढे काम करून घ्यावे. टाकी आधी रिकामी करावी, नाहीतर खालचा जोड सोडताच पेट्रोल सायफनने वाहत राहते. बॅटरीचे ऋण टोक काढावे. काम उघड्यावर करावे आणि गाडीखालच्या खड्ड्यात उतरून तर मुळीच करू नये, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खड्ड्यात साठते आणि हवेत तिचे प्रमाण जेमतेम दीड टक्का झाले तरी एका ठिणगीने पेट घेते. पिवळा बल्ब लावलेला हातदिवा जवळ नको. पेट्रोलच्या आगीला चालणारे, पावडरचे किंवा फेसाचे अग्निशामक मात्र हाताशी हवे.

आणि नळीला हात लावण्यापूर्वी ती जिथे जशी बसली आहे तिची, विशेषतः प्रत्येक क्लिपची, अगदी जवळून छायाचित्रे काढून ठेवावीत. नवी नळी वळवताना ती उपयोगी पडतातच. शिवाय क्लिप सोडल्यावर, पक्कड जवळ नेण्यापूर्वी, आणखी एक काढावे आणि घरात थोरला भाऊ असल्यास ते त्याला लगेच पाठवावे.